नावाला पंधरा घरं

नावं ठेवण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. सासूबाईंनीसुद्धा ते मान्य केलंय. त्यामुळे त्या दिवशी सकाळी माझी धाकटी जाऊ खुर्चीतून उडी मारून उठली आणि ओरडली, "जाऊबाई, लवकर या! मी सगळ्यांना नावं ठेवली!" तेव्हा मला वाटलं, घ्या, आता हीही शिकली.

तसं नव्हतं. तिने नावं ठेवली होती ती कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या कामांना.

थांबा, आधी आमचा धंदा सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. आम्ही शोभेचे मासे वाढवतो. पुढे ऑफिसची खोली, मागे टाक्यांची शेड आणि शेडच्या टोकाला अंड्यांची अंधारी खोली. आमचे हे आणि भाऊजी, म्हणजे माझा दीर, पिशव्यांत पाणी आणि मासे भरून दुकानादुकानांत पोचवतात. टाक्या, गिऱ्हाईक, फोन आणि भांडणं माझ्याकडे. चार वर्षांपूर्वी भाऊजींचं लग्न झालं आणि ही धाकटी आली. कॉम्प्युटर शिकलेली. आल्या महिन्यातच मला म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही रात्रंदिवस पंप आणि हीटर बघत का बसता? ते मशीन बघेल." मी म्हटलं, मशीनला काय कळतंय माशातलं! पण तिने करून दाखवलं. सहा छोटे प्रोग्राम लिहिले. एक अंड्यांच्या खोलीतला पंप सांभाळतो, एक पाण्याची ऊब, एक दिवे, एक खाणं टाकतो, एक नोंद ठेवतो आणि एक कॅमेरा चालवतो. माझी झोप वाढली, हे खोटं कशाला बोलू.

पण धाकटीचा जीव अडकला होता रेघाळीत. रेघाळी म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातला बोटभर मासा, पोटावर तांबडी रेघ, म्हणून आम्हीच ते नाव पाडलंय. अंडी घालते भरपूर, पण टाकीत तिची अंडी फुटतच नाहीत. आमच्या धंद्यात कुणालाच ते जमलेलं नव्हतं. धाकटीने तीन वर्षांत तीन खेपा केल्या. दरवेळी तेच. अंडं वाढतं, आत डोळे दिसतात, शेपूट हलते आणि मग एक दिवस ते आतल्या आत पांढरं पडतं. तिन्ही वेळा ही बाई दोन दोन दिवस जेवली नाही. मला नाही बघवत असलं. शेवटी यंदा मीच सांगितलं, "ही चौथी खेप शेवटची. नाही जमलं तर त्या खोलीत रोजच्या विकत्या माशांच्या टाक्या लावायच्या." तिने मान हलवली आणि हातातलं काम करत राहिली. मला वाईट वाटलं, पण बोललेला शब्द मागे घेणारी मी नव्हे.

तर तो या चौथ्या खेपेचा बारावा दिवस. अंड्यांत डोळे आले होते. आज-उद्या फुटणार, नाहीतर कायमची मिटणार.

अंडी ठेवली होती चार उंच काचेच्या बरण्यांत. बरणीच्या तळाशी नळी, नळीतून पंप पाणी सोडतो आणि त्या पाण्यावर अंडी सारखी वर-खाली होत राहतात. पाणी थांबलं की अंडी तळाला बसतात, एकमेकांना चिकटतात आणि गुदमरतात. म्हणून पंप एक मिनिटही थांबता कामा नये, हे धाकटीने मला इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

आणि त्याच दिवशी सकाळी कॅमेरा अडकला. पडद्यावरचं चित्र थिजलं आणि कॅमेऱ्याचा प्रोग्राम कॉम्प्युटरची सगळी ताकद ओरपायला लागला. एक अक्षर दाबलं की चहाचा घोट घेऊन होईपर्यंत ते उमटायचं नाही.

"मग बंद कर ना त्याला," मी म्हटलं.

"कुणाला करू?" तिने पडदा माझ्याकडे वळवला. चालू कामांची यादी होती. एकाखाली एक सहा ओळी, प्रत्येकीला नंबर वेगळा, पण नाव एकच. पायथन, पायथन, पायथन, सहाही वेळा पायथन. "सहाही मी पायथन भाषेत लिहिलेत आणि एकाच फाइलीतून सुटतात, म्हणून सहांचं नाव एकच. या यादीत नंबर आणि नावाखेरीज काही दिसत नाही, मग यातला कॅमेरा कुठला आणि पंप कुठला, मला तरी काय कळणार? चुकून पंपाचा मारला तर?"

"सहा पोरं आणि सहांना एकच हाक मारायची," मी म्हटलं. "आधीच नावं ठेवायला काय झालं होतं तुला?"

माझ्या तोंडून हे सहज निघालं हो. पण तिचे डोळे असे चमकले! "जाऊबाई, तुम्ही ना..." एवढंच म्हणाली आणि कीबोर्डवर तुटून पडली. मी शेडमध्ये टाक्या बघायला गेले आणि परत आले ती तिच्या त्या 'नावं ठेवली'च्या हाकेनेच. मला म्हणे, काम चालू असतानाच ते स्वतः स्वतःचं नाव बदलू शकतं. एक ओळ पुरते. थांबवायला नको, परत सुरू करायला नको. आमची ही सहा कामं दर दहा मिनिटांनी एक छोटी फाइल उघडून बघतात आणि त्यात जे सांगितलंय ते करतात. त्या फाइलीत तिने प्रत्येकाच्या नावाची ओळ घातली. आणि नावं कशात? मराठीत!

"मराठीत चालेल?"

"न चालायला काय झालं? तुम्हाला वाचता यायला हवं की नको?"

आम्ही दोघी पडद्याला नाक लावून बसलो. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग तिसरी ओळ एकदम बदलली. पायथनच्या जागी 'ऊब'! मी किंचाळले. हो, किंचाळले, शेडमधली मांजर पळाली. मग 'दिवा'. मग 'खाणं'. एकेक काम आपलं आपण नाव सांगत होतं, न थांबता. पाणी तापत होतं, दिवे जळत होते आणि वर पाटी बदलत होती. धाकटी टाळ्या पिटत होती. 'नोंद' आलं तेव्हा तर तिने माझ्या गळ्यात हात टाकले. चार वर्षांत पहिल्यांदा. मीही टाकू दिले.

"आता राहिले दोन," ती म्हणाली. "पंप आणि कॅमेरा. कॅमेरा अडकलाय, त्यामुळे तो फाइल उघडणारच नाही, म्हणजे त्याचं नाव बदलणारच नाही. ज्याचं नाव शेवटपर्यंत पायथन राहील तोच चोर!"

"शाब्बास! आणि पंपाला काय नाव दिलंस?"

"त्याचं बदलून आता असं नाव देते की कुणाची हात लावायची हिंमत व्हायला नको," ती हसत म्हणाली आणि काहीतरी टाइप केलं. तेवढ्यात तिच्या मोबाइलचा गजर वाजला. दर दोन तासांनी अंड्यांतली बुरशी लागलेली वेचून काढायची वेळ. ती उठली. "पंपाचं नाव बदलायला अजून सात-आठ मिनिटं लागतील. जाऊबाई, तुम्ही एवढं कराल? दहा मिनिटांनी यादी बघा. पायथन एकच उरलेला असेल. के दाबायचं, त्याचा नंबर टाकायचा, एंटर. मेला."

"जा गं, मला काय कुक्कुलं बाळ समजतेस!"

ती अंधाऱ्या खोलीत गेली. मी बसले. आता दहा मिनिटं गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही. त्यात फोन आला. पलीकडे एक दुकानदार, त्याला पाठवलेल्या पिशवीतले मासे मलूल आहेत म्हणे. मी म्हटलं, अहो, पिशवी उन्हात ठेवून तुम्ही जेवायला गेलात, मासे काय नाचतील का? तो चढला, मीही चढले. एका कानाला फोन, तोंडात भांडण, अशात मी यादीकडे बघितलं.

आणि बघते तर काय! यादीत सगळ्यात वर, ठळक, कॉम्प्युटर मलाच विचारत होता.

मारू ??

खरं सांगते, मला त्याचं कौतुकच वाटलं. म्हटलं, बघा, मराठी शिकवलं तर कसं शहाण्यासारखं विचारतंय. नवऱ्याला वीस वर्षांत जमलं नाही ते! खाली कुठेतरी पायथन दिसत होता, पण माझ्या डोक्यात पक्कं बसलं की मशीननेच चोर पकडून समोर आणून उभा केलाय आणि आता हुकूम मागतंय. दुकानदाराला म्हटलं, "एक मिनिट थांबा हं, एकाला मारायचंय." के दाबलं. त्या ओळीचा नंबर टाकला. "मार बाबा, विचारतोस काय," म्हणून एंटर हाणलं.

ओळ गेली.

आणि मागून येणारी ती घूं घूं बंद झाली. चार वर्षं कानात बसलेला पंपाचा आवाज. तो असतो तेव्हा ऐकू येत नाही, थांबला की कळतं.

दुकानदार फोनवर "कुणाला मारलंत? कुणाला मारलंत?" करत होता.

"जाऊबाई!" आतून धाकटीची किंकाळी आली. "पंप! पंप बंद पडला!"

मी धावले. चपला कुठे, पदर कुठे. खोलीत लाल मिणमिणता दिवा होता आणि त्या उजेडात चारही बरण्यांतली अंडी हळूहळू खाली येत होती. तळाला थर बसत होता. धाकटी दोन बरण्या हातांनी हलवत होती आणि रडत होती. "काय झालं? काय झालं हो एकदम?"

आणि मी, एरवी दहा जणांना पुरून उरणारी, म्हणाले, "बंद पडला वाटतं."

वाटतं म्हणे! चोराच्या मनात चांदणं. पण त्या क्षणी दुसरं काही तोंडातून निघेचना.

"परत सुरू कर ना!"

"नाही करता येत! सुरू होताना तो आधी पाइप धुतो, पूर्ण जोरात, दोन मिनिटं. अंड्यांचा चेंदा होईल. आणि ते बदलायला गेले तर कॅमेऱ्याने मशीन जाम केलंय, एकेक अक्षराला युग लागेल. पिचकाऱ्या! जाऊबाई, पिचकाऱ्या कुठायत?"

टाक्यांतला गाळ ओढायला आमच्याकडे रबरी फुग्याच्या लांब पिचकाऱ्या असतात. त्या मीच आदल्या दिवशी धुवून शेडमध्ये वाळत घातल्या होत्या. कुठल्या दोरीला ते आठवेना. इकडे शोधते, तिकडे शोधते. सापडल्या एकदाच्या. परत आले तोवर पाच मिनिटं तरी गेली असतील. अंडी चारही बरण्यांत पक्की तळाला बसली होती, निश्चल.

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. दोन बरण्या तिच्या, दोन माझ्या. वरचं पाणी ओढायचं, नळी तळापर्यंत न्यायची आणि अलगद सोडायचं. फार जोरात नाही, फार हळूही नाही. ओढ, सोड. ओढ, सोड. थर सुटला. अंडी वर उठली, परत बसायला लागली. ओढ, सोड. माझ्या मनगटाला कळ लागली, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, उठा गं बायांनो, या मेलीच्या चुकीची शिक्षा तुम्ही नका घेऊ.

"ही शेवटची खेप होती," धाकटी हुंदका देत म्हणाली. मला म्हणाली नाही, बरणीला म्हणाली. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

तेवढ्यात माझ्या बरणीत काहीतरी झटकन वळलं.

मी डोळे चोळले. एक अंडं होतं, ते वाकडं झालं होतं. त्यातून केसाएवढी शेपूट बाहेर आली होती आणि ती फडफडत होती.

"अगं... अगं, इकडे बघ. अगं बघ ना!"

"तुम्ही पिचकारी थांबवू नका!"

"पिचकारी गेली खड्ड्यात, हे बघ आधी!"

तिने बघितलं. शेपटीने आणखी दोन हिसके दिले, अंडं सुटलं आणि काडीएवढं पिल्लू तिरकं तिरकं वर गेलं. मग त्याच्या शेजारचं. मग एकदम तीन. मग माझी दुसरी बरणी सुरू झाली, मग तिच्या. लाह्या फुटाव्यात तशी फुटत होती हो! चारही बरण्यांत नुसती धमाल. इकडे शेपूट, तिकडे डोकं, रिकामी टरफलं वर तरंगतायत आणि पिल्लं काचेला टेकून उभीच्या उभी पोहतायत. धाकटी हसत होती का रडत होती सांगता येणार नाही. मी तर ओरडतच होते, "आली! आली! ही बघ, हीही आली!" बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या बायांनी ओरडावं तशी. अर्ध्या तासात बरणीत अंडं शोधून सापडेना.

पिल्लं स्वतःची पोहायला लागल्यावर पंपाची गरजच उरली नाही. आम्ही ती मोठ्या परातीएवढ्या टाकीत सोडली आणि ओल्याचिंब अशा ऑफिसात येऊन बसलो. मी चहा टाकला. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला, आता कशाला विषय काढा.

पण धाकटी ती धाकटी. चहा बाजूला ठेवून तिने वही उघडली. "जाऊबाई, पंप नेमका किती वाजता थांबला? आणि कशाने? मला नक्की कळायला हवं. तीन खेपा पंप एकदाही थांबला नाही आणि एकही अंडं फुटलं नाही. आज थांबला आणि सगळी फुटली. मशीन बिघडलं असेल तर आधी पाणी मंद झालं होतं का, गार झालं होतं का, का एकदम थांबलं? हे चुकीचं लिहिलं तर परत कधी जमायचं नाही."

मी चहात साखर ढवळत बसले. आधीच तीनदा ढवळून झाली होती. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी माझ्या आईलाही कधी बोलले नव्हते. पण ही पोरगी पेन उघडून बसली होती आणि माझ्या खोट्याने तिची वही खराब झाली असती.

"एकदम थांबलं," मी म्हटलं. "बारा वाजून दहा मिनिटांनी. मी मारला."

"काय?"

"तुझ्या पंपाला मी मारला. माझं चुकलं. पण तो विचारत होता गं! मराठीत. मारू, आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं. मी म्हटलं, मार."

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली, ओठ हलवत. मध्येच थांबली आणि तोंडावर हात गेला.

"जाऊबाई, मी त्याचं नाव 'मारू नका' ठेवलं होतं."

"मग 'नका' कुठे गेला?"

"नावाला पंधराच घरं असतात. इंग्रजी अक्षर एका घरात बसतं, आपल्याला तीन लागतात. काना आला की वेगळी तीन, ऊकार आला की वेगळी तीन. 'मा'ची सहा, 'रू'ची सहा, झाली बारा. मधल्या मोकळ्या जागेचं एक, तेरा. उरली दोन. 'न'ला तीन हवी होती. तो बाहेर राहिला आणि त्या दोन घरांत दोन प्रश्नचिन्हं येऊन बसली."

मी म्हटलं, "मेल्यांनी काढून काढून 'नका'च काढला?"

आणि ती जी हसायला लागली! खुर्चीवरून घसरून खाली बसली, पोट धरलं. मीही हसले. इतके हसलो की डोळ्यांतून पाणी. मग हसता हसता तिची नजर शेडच्या दाराकडे गेली.

"ओढ्यात असंच होत असेल," ती हळू म्हणाली. "पाणी ओसरतं, खळगी आटायला लागतात, आत जीव घुसमटतो, तेव्हा ती बाहेर पडत असतील. मी त्यांना घुसमटूच दिलं नाही. तीन वर्षं, जाऊबाई. सगळी आत तयार होती. डोळे होते, शेपट्या होत्या. बाहेर यायची वेळ झाली हे मी त्यांना कळूच दिलं नाही."

मी खाली तिच्याशेजारी बसले आणि तिचा ओला हात हातात घेतला. म्हटलं, "तू जपलंस गं. जपणाऱ्याला कोण बोल लावेल?"

तिने डोळे पुसले आणि वही मांडीवर घेतली. १२:१०, पंप बंद. कोणी केला, जाऊबाई.

"त्यापुढे 'चुकून' लिही," मी म्हटलं.

"नाही लिहिणार. पुढच्या खेपेला हेच मुद्दाम करायचंय." तिने पेन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाराव्या दिवशी पंप तुम्ही मारायचा. पाणी थांबलेलं, अंडी खाली बसलेली, आणि आपण पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. माझा हात नाही व्हायचा, जाऊबाई."

माझाही झाला नसता. आता तर मुळीच नाही.

"मी मारीन," मी म्हटलं. "तू फक्त शेजारी उभी राहा."